दिएगो गार्सिया : एका कंकणद्वीपावरील वस्ती

नकाशांत मुंबईवर बोट ठेवून तें सरळ दक्षिणेकडे ओढीत नेलें, तर वाटेंत लहान ठिपक्यांचे तीन पुंजके लागतात. पहिला लक्षद्वीपचा, दुसरा मालदीवचा, आणि विषुववृत्त ओलांडल्यावर सातव्या अक्षांशाजवळ तिसरा, चागोस द्वीपसमूहाचा. या तिसऱ्या पुंजक्यांतील सर्वांत दक्षिणेचें व सर्वांत मोठें बेट म्हणजे दिएगो गार्सिया. मुंबईचा आणि त्याचा रेखांश जवळजवळ एकच. त्यामुळें दोन्ही ठिकाणीं मध्यान्ह साधारण एकाच वेळीं होते. मध्यें मात्र सुमारें अठराशें मैलांचें अंतर आहे.

या बेटासंबंधीं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत एक विलक्षण प्रश्न उपस्थित झाला. तेथें कोणी रहिवासी आहेत काय, हा तो प्रश्न. प्रश्न निघाला तेव्हां तेथें पावणेदोनशें वर्षांहून जुन्या वस्तीच्या खुणा होत्या. प्रार्थनामंदिर होतें, दफनभूमि होती, घरें होतीं, माडांच्या वाड्या होत्या, आणि त्या घरांतून व वाड्यांतून माणसें वावरत होतीं. तरीही सरकारी कागदांत उत्तर लिहिलें गेलें तें नकाराचें. हें उत्तर कसें निघालें आणि त्याचें फळ कोणाला भोगावें लागलें, हें समजण्यासाठीं तें बेट कसें बनलें, त्यावर माणूस कसा टिकला आणि शेवटीं तो तेथलाच कसा झाला, या गोष्टी क्रमानें पाहिल्या पाहिजेत.

बेटाच्या जन्माची कथा सह्याद्रीच्या जन्माशीं जोडलेली आहे. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं भूगर्भांतील ज्या उष्ण स्रोतानें दख्खनचें पठार लाव्हारसानें झांकून टाकलें, त्याच्यावरून भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत गेला आणि समुद्रतळावर ज्वालामुखी पर्वतांची एक रांग मागें उमटत राहिली. लक्षद्वीप, मालदीव व चागोस हीं तिन्ही त्या बुडालेल्या रांगेच्या माथ्यावर आहेत. तो स्रोत आज रेयुनियों बेटाच्या खालीं धुमसत आहे. म्हणजे सह्याद्रीच्या कड्यांवरचा काळा कातळ आणि दिएगो गार्सियाच्या तळाशीं खोल गाडला गेलेला कातळ हे एकाच भट्टींतून निघालेले आहेत.

मग वर दिसतें तें पांढरें बेट कसलें? याचें उत्तर चार्ल्स डार्विन यानें दिलें. १८३६ सालीं ‘बीगल’ जहाजावरून तो हिंदी महासागरांतील कोकोस बेटांवर आला होता. ज्वालामुखी पर्वत हळूहळू समुद्रांत खचतो, त्याच्या कडेनें वाढणारे प्रवाळ मात्र उजेडाच्या ओढीनें वर चढत राहतात. शेवटीं पर्वत नाहींसा होतो आणि त्याच्या कडेचें कंकण तेवढें पाण्यावर राहतें, असा त्याचा सिद्धांत होता. आपल्या ग्रंथांत त्यानें चागोसचाही विचार केला आहे. त्यासाठीं लागणारी माहिती त्याला कॅप्टन रॉबर्ट मोर्सबी याच्याकडून मिळाली. मोर्सबी हा मुंबईस ठाणें असलेल्या ‘इंडियन नेव्ही’चा अधिकारी. मालदीवचे व चागोसचे आराखडे यानेंच काढले. डार्विनच्या सिद्धांताचा पुरावा मिळण्यास पुढें एक शतकाहून अधिक काळ लागला. १९५२ सालीं पॅसिफिक महासागरांतील एनिवेटोक कंकणद्वीपावर खोल विंधन घेतलें, तेव्हां चार हजार फुटांहून अधिक जाडीचा प्रवाळखडक भेदल्यावर खालीं ज्वालामुखीचा कातळ लागला.

दिएगो गार्सियाचा आकार घोड्याच्या नालासारखा आहे. उत्तरेच्या बाजूला तोंड उघडें असून तेथें तीन चिमुकलीं बेटें पहारेकऱ्यांसारखीं उभीं आहेत. आंत तेरा मैल लांबीचें शांत पाणी, बाहेर अथांग सागर, आणि दोहोंच्या मध्यें जमिनीची अरुंद पट्टी. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायीं जायचें तर पस्तीस-चाळीस मैलांची चाल होईल. पण आडवें जायचें तर कांहीं ठिकाणीं एका काठाची लाट दुसऱ्या काठावरून ऐकूं येते. बहुतेक जमीन समुद्रापासून पुरुषभरही उंच नाहीं. तेथें नदी नाहीं, ओढा नाहीं, टेकडी नाहीं; प्रवाळाच्या चुनखडीखेरीज दुसरा दगड नाहीं आणि कोणताही धातु नाहीं.

असें असूनही तेथें गोड्या पाण्याच्या विहिरी खणतां येतात, हा कंकणद्वीपांचा मोठा चमत्कार आहे. वर्षाकांठीं शंभर इंचांच्या आसपास पडणारा पाऊस सच्छिद्र प्रवाळवाळूंत मुरतो. गोडें पाणी खाऱ्या पाण्याहून हलकें असल्यामुळें तें समुद्राच्या पाण्यांत लगेच न मिसळतां त्याच्यावर भिंगाच्या आकारानें तरंगत राहतें. समुद्राच्या पातळीवर हें पाणी एक फूट उभें असेल, तर खालीं सुमारें चाळीस फूट खोल गेलेलें असतें, असा ठोकताळा आहे. विहीर उथळ खणून बेतानें उपसली तर पाणी गोड राहतें. हांव धरून उपसली तर खालचें खारें पाणी वर येतें. कंकणद्वीपावर राहावयाचें तर हा संयम आधीं शिकावा लागतो. पाण्याच्या जोडीला समुद्रांत मासळी, किनाऱ्यावर कासवें, झाडांवर समुद्रपक्षी, आणि वाळूंतही तग धरणारा माड. एवढ्या भांडवलावर माणसाला तेथें संसार मांडतां येतो.

पॅसिफिकमधील कित्येक कंकणद्वीपांवर माणसानें असा संसार हजार-दोन हजार वर्षांपूर्वींच मांडला होता. मालदीवमध्येंही वस्ती फार प्राचीन आहे. चागोस मात्र मालदीवच्या दक्षिण टोकापासून तीनशें मैल दूर. वादळांत भरकटलेले कोळी तेथें जाऊन पडल्याच्या कथा मालदीवमध्यें सांगितल्या जातात. परंतु युरोपीय जहाजें येण्यापूर्वीं तेथें कायम वस्ती असल्याचा पुरावा सांपडलेला नाहीं. सोळाव्या शतकांत पोर्तुगीज खलाशांनीं हीं बेटें नकाशावर आणलीं व त्यांना नांवें दिलीं. त्यानंतर अडीच शतकें तीं जहाजांना चुकविण्याजोगे खडक म्हणूनच ठाऊक होतीं.

मॉरिशसवर फ्रेंचांचें राज्य स्थिर झालें आणि हिंदुस्थानच्या वाटेवर फ्रेंच व इंग्रज यांची चुरस वाढली, तेव्हां या खडकांना किंमत आली. १७८६ सालीं ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सरकारनें दिएगो गार्सियावर एक तुकडी पाठविली. हिंदुस्थानला येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांना अन्नपाणी पुरविण्याचें ठाणें तेथें करावें, असा बेत होता. बेटाची मोजणी लेफ्टनंट आर्चिबाल्ड ब्लेअर यानें केली. पुढें अंदमानची पाहणी करणारा, आणि ज्याच्या नांवानें तेथील पोर्ट ब्लेअर प्रसिद्ध झालें, तोच हा ब्लेअर. मुंबईकरांचा बेत मात्र फसला. जहाजांना अन्न पुरविणें दूर राहो, ठाण्यावरच्या माणसांचेंच तेथें भागेना. शिवाय फ्रेंचांनीं हरकत घेतली. त्याच वर्षीं मंडळी माघारीं फिरली.

फ्रेंचांची रीत निराळी होती. १७८३ च्या सुमारास ल नोर्मां नांवाच्या मळेवाल्यानें मॉरिशसच्या सरकारकडून या बेटावर माड लावण्याची परवानगी मिळविली होती. त्याच्याबरोबर जे आले, ते या द्वीपसमूहाचे पहिले कायमचे रहिवासी होत. ते स्वखुषीनें आलेले नव्हते. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून व मादागास्करमधून धरून आणलेले ते गुलाम होते. दुसरा एक वर्ग कुष्ठरोग्यांचा. कासवाच्या मांसानें हा रोग हटतो अशी त्या काळीं समजूत होती. म्हणून मॉरिशसमधील रोग्यांना येथें आणून सोडीत. या बेटावरील समाजाचा पाया अशा रीतीनें लोकांनीं विकत घेतलेल्या आणि लोकांनीं टाकून दिलेल्या माणसांनीं घातला.

१७९३ पासून खोबरेल काढण्याचा धंदा पद्धतशीर सुरू झाला. मॉरिशसचे दिवे या तेलावर जळूं लागले आणि चागोसला ‘तेलाचीं बेटें’ असें टोपणनांव पडलें. १८१० सालीं इंग्रजांनीं मॉरिशस जिंकलें. १८१४ च्या पॅरिसच्या तहानें मॉरिशस व त्याखालचीं हीं सर्व बेटें ब्रिटिश राज्यांत आलीं. १८३५ सालीं गुलामगिरी कायद्यानें संपली, पण उमेदवारीच्या नांवाखालीं ती आणखी कांहीं वर्षें चालूच राहिली. त्यानंतर मॉरिशसप्रमाणें येथेंही हिंदुस्थानांतून कराराचे मजूर आले. ते मुख्यतः दक्षिण हिंदुस्थानांतले होते. आफ्रिका, मादागास्कर व हिंदुस्थान अशा तीन ठिकाणचें रक्त या कंकणावर एकत्र झालें.

काम कष्टाचें होतें. जमिनींत रोवलेल्या टोंकदार लोखंडावर आपटून पुरुषानें दिवसाला पांचशें नारळ सोलावे, स्त्रीनें बाराशें नारळांचें खोबरें काढावें, असा नेम असे. घाण्यांना गाढवें जुंपीत. मजुरी अगदीं थोडी. बाकीचा मोबदला तांदूळ, पीठ, डाळ, मीठ अशा शिध्यांत मिळे. तरी या जीवनाला दुसरी बाजूही होती. सकाळीं लौकर सुरू केलेलें काम दुपारपर्यंत उरकलें कीं उरलेला दिवस ज्याचा त्याचा असे. मग होडी घेऊन मासळीला जावें, परसांत भाजी लावावी, कोंबड्या-डुकरें पाळावीं. घर प्रत्येकाला होतें. म्हाताऱ्यांना हलकें काम देऊन सांभाळण्याची पद्धत होती. आणि भाडें नांवाची वस्तु कोणाला माहीत नव्हती. नारळाच्या रसांत शिजविलेली मासळी हें तेथलें आवडतें पक्वान्न. शनिवारच्या रात्रीं शेकोटीभोंवतीं ढोल घुमे आणि सेगा नांवाचें नृत्यगीत रंगे.

त्यांची भाषाही तेथेंच तयार झाली. मळेवाल्यांच्या फ्रेंचमधून शब्द आले, आफ्रिकेच्या व मादागास्करच्या बोलींतून तिला वळण मिळालें, आणि मॉरिशसच्या क्रिओलशीं नातें सांगणारी पण स्वतःची ढब राखणारी एक बोली चागोसच्या मुलांच्या तोंडीं रुळली. त्यांना ‘इल्वा’ म्हणत. इल्वा म्हणजे बेटकरी. एकोणिसावें शतक संपेपर्यंत बेटावर अशीं माणसें झालीं होतीं, कीं ज्यांचे आजोबा-पणजोबा त्याच वाळूंत पुरलेले होते आणि ज्यांनीं दुसरी भूमि डोळ्यांनीं पाहिलेली नव्हती.

जगाचा गलबला तेथें उशिरानें पोंचे. १८८० नंतर कांहीं वर्षें ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या आगबोटींसाठीं बेटावर कोळशाचें ठाणें होतें. तें लौकरच मोडलें. १९१४ च्या ऑक्टोबरांतील प्रसंग तर प्रसिद्धच आहे. २२ सप्टेंबरच्या रात्रीं मद्रासवर तोफा डागून नाहींशी झालेली ‘एम्डेन’ ही जर्मन लढाऊ नौका कोळसा भरण्यासाठीं व डागडुजीसाठीं दिएगो गार्सियाच्या शांत पाण्यांत येऊन उभी राहिली. महायुद्ध सुरू झाल्याची वार्ता बेटावर अद्याप पोंचलेलीच नव्हती. बेटकऱ्यांनीं पाहुण्यांचें आगतस्वागत केलें. जर्मन खलाशांनीं मळ्याच्या व्यवस्थापकाची बिघडलेली यांत्रिक होडी दुरुस्त करून दिली. डुकरें, मासे यांची भेट स्वीकारली. आणि ते निघून गेले. दुसऱ्या महायुद्धांत, १९४२ पासून, ब्रिटिशांचीं समुद्रविमानें त्याच पाण्यावर उतरत होतीं. त्या मुक्कामांत बेटाचें भवितव्य लपलेलें होतें. भोंवतीं शेकडों मैलांत कोणताही देश नाहीं आणि आंत मोठ्या आरमाराला पुरेल असें बंदर आहे, हें लढवय्यांच्या ध्यानांत आलें.

१९६० नंतर साम्राज्यें आवरूं लागलीं. हिंदी महासागरांत लष्करी तळ हवा, असें अमेरिकेनें ठरविलें. मॉरिशस स्वतंत्र होणार होतें. त्यापूर्वींच, ८ नोव्हेंबर १९६५ रोजीं, ब्रिटननें चागोस त्याच्यापासून तोडून ‘ब्रिटिश हिंदी महासागरीय प्रदेश’ नांवाची नवी वसाहत निर्माण केली. मॉरिशसला त्याबद्दल तीस लाख पौंड दिले गेले. ३० डिसेंबर १९६६ रोजीं ब्रिटन व अमेरिका यांच्यांत पत्रांची देवघेव होऊन तळाचा करार झाला. १९६७ सालीं ब्रिटिश सरकारनें बेटांवरचे सगळे मळे सहा लाख साठ हजार पौंडांना विकत घेतले.

आरंभीं सांगितलेला प्रश्न येथें उपस्थित झाला. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेप्रमाणें वसाहतींतील रहिवाशांचें हित पाहणें हें राज्यकर्त्यांचें पवित्र कर्तव्य आहे, आणि त्याबद्दल त्यांनीं अहवाल द्यावयाचा असतो. रहिवासीच नसतील तर कर्तव्यही नाहीं आणि अहवालही नाहीं. म्हणून बेटांवरचे लोक मॉरिशस व सेशेल्सहून कामापुरते आलेले कराराचे मजूर आहेत, त्यांची वस्ती फिरती आहे, असें लिहून ठेवण्याचें ठरलें. १९६६ सालच्या एका सरकारी टिपणांत तर या लोकांची संभावना कांहीं टार्झन व कांहीं फ्रायडे अशा शब्दांनीं केलेली आहे. ही टिपणें पुढें न्यायालयांत उघडकीस आलीं.

करार कोणाच्याही हातांत असूं शकतो. पण करारावर आलेला माणूस परका असतो असें नाहीं. याचें उदाहरण जवळच आहे. १८३४ नंतर मॉरिशसला गेलेल्या मजुरांत रत्नागिरीकडचीं मराठी माणसेंही होतीं. त्यांचे वंशज आज मॉरिशसचे नागरिक आहेत आणि पिढ्यान् पिढ्या आपलें मराठीपण जपून आहेत. तुमच्या पणजोबांनीं करारावर अंगठा केला होता, तेव्हां तुम्ही येथले नव्हेत, असें त्यांना कोणी म्हटल्यास तें हास्यास्पद ठरेल. चागोसच्या माणसांना मात्र तेंच सांगितलें गेलें, आणि त्याप्रमाणें कृतिही झाली.

प्रथम परतीची वाट बंद करण्यांत आली. औषधोपचारासाठीं किंवा आप्तांना भेटण्यासाठीं मॉरिशसला गेलेल्या माणसांना १९६८ पासून परतीच्या बोटींत जागा मिळेनाशी झाली. रीता बांकूल नांवाची एक माता गाडीच्या चाकाखालीं पाय सांपडलेल्या आपल्या लहान मुलीला घेऊन पेरोस बान्होस बेटावरून मॉरिशसच्या रुग्णालयांत गेली होती. मुलगी वांचली नाहीं. कुटुंब परत निघालें, तेव्हां आतां तुम्हांला तेथें जातां येणार नाहीं, असें त्यांना कळलें. मग बेटांवर येणारा शिधा आटला. शिक्षक, परिचारिका निघून गेल्या. १९७१ सालीं परवान्यावांचून बेटांवर राहणें हाच गुन्हा ठरविणारा हुकूम निघाला. त्याच वर्षीं दिएगो गार्सिया रिकामें करण्यांत आलें. लोकांचीं पाळीव कुत्रीं सुकें खोबरें साठविण्याच्या कोठारांत कोंडून विषारी धुरानें मारण्यांत आलीं. माणसांना एखाददुसरी पेटी व वळकटी यांपलीकडे कांहीं नेतां आलें नाहीं. पेरोस बान्होस व सालोमन या शेजारच्या कंकणद्वीपांवर हलविलेल्यांनाही पुढल्या दोन वर्षांत तेथून काढलें. मे १९७३ मध्यें पेरोस बान्होसवरील शेवटचीं माणसें बोटींत चढलीं. सगळी मिळून सुमारें दीड हजार माणसें अशा रीतीनें बेघर झालीं.

मॉरिशसमध्यें त्यांच्यासाठीं घर नव्हतें, काम नव्हतें. नारळ सोलण्याचें त्यांचें कसब पोर्ट लुईच्या गोदीवर निरुपयोगी होतें. ज्यांनीं कधीं भाडें दिलें नव्हतें ते पत्र्याच्या झोपड्यांत राहूं लागले. कित्येक मुलें व वृद्ध पहिल्या कांहीं वर्षांतच दगावले. त्यांच्या बोलींत ‘साग्रें’ असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ दुःख. पण माणूस ज्यानें झुरून मरतो अशा दुःखाला तो शब्द इल्वा वापरतात, आणि आपल्या माणसांच्या मृत्यूचें कारण म्हणून तोच सांगतात.

त्यांच्या वतीनें प्रथम उभ्या राहिल्या त्या स्त्रिया. शार्लेझिया अलेक्सी, लिझेट तालात, रीता बांकूल यांच्यासारख्या स्त्रियांनीं पोर्ट लुईच्या रस्त्यांवर उपोषणें केलीं, मोर्चे काढले, अटक सोसली. १९८२ सालीं ब्रिटननें चाळीस लाख पौंड देऊं केले. पैसे घेतांना ज्या कागदावर अंगठे घेतले गेले, त्यांत परतण्याचा हक्क सोडल्याचें लिहिलेलें होतें; कागद इंग्रजींत होता, आणि अंगठा देणाऱ्यांना इंग्रजी येत नव्हतें.

रीता बांकूल हिचा मुलगा ऑलिव्हिए यानें हें प्रकरण लंडनच्या न्यायालयांत नेलें. ३ नोव्हेंबर २००० रोजीं उच्च न्यायालयानें १९७१ चा हुकूम बेकायदा ठरविला. प्रजेवर राज्य करण्याचा अधिकार म्हणजे प्रजेला तिच्या भूमींतून काढून लावण्याचा अधिकार नव्हे, असा त्या निर्णयाचा भावार्थ होता. पण २००४ सालीं सरकारनें राजाज्ञा काढून तो निष्फळ केला, आणि २००८ सालीं हाउस ऑफ लॉर्डसनें तीन विरुद्ध दोन मतांनीं सरकारची बाजू उचलून धरली. २५ फेब्रुवारी २०१९ रोजीं आंतरराष्ट्रीय न्यायालयानें आपल्या सल्ल्यांत म्हटलें, कीं चागोस मॉरिशसपासून तोडणें बेकायदा होतें. २२ मे २०२५ रोजीं ब्रिटन व मॉरिशस यांनीं एका करारावर सह्या केल्या. द्वीपसमूहाचें सार्वभौमत्व मॉरिशसला द्यावें, दिएगो गार्सियाचा तळ ९९ वर्षें ब्रिटननें चालवावा, आणि इतर बेटांवर पुन्हां वस्ती करण्यास मॉरिशसला मोकळीक असावी, असें त्यांत लिहिलें गेलें. त्या वाटाघाटींतही आपणांस विचारलें नाहीं, अशी पुष्कळ इल्वांची तक्रार राहिली.

बेट रिकामें करण्यास जें कारण दिलें गेलें, त्याचा उलटा प्रत्यय पुढें त्याच बेटानें दिला. माणसें गेल्यावर तेथें बारा हजार फूट लांबीची धावपट्टी झाली, बंदर खोल केलें गेलें, आणि हजारों सैनिक व कामगार येऊन-जाऊन राहूं लागले. हे सारे खरोखरच मुदतीवर आलेले. कोणी वर्षाच्या, कोणी दोन वर्षांच्या बोलीवर येतो व मुदत भरतांच जातो. जी फिरती वस्ती कागदावर कल्पिलेली होती, ती तेथें मूळच्या वस्तीला हुसकून लावल्यानंतर अस्तित्वांत आली.

वस्ती कशाला म्हणावें, याचें मोजमाप त्यामुळें या बेटावरच घेतां येतें. २००६ सालीं सुमारें शंभर इल्वांना कांहीं दिवसांपुरतें बेटांवर नेण्यांत आलें. त्यांतले कित्येक तीस-पस्तीस वर्षांनंतर तेथें पाऊल ठेवीत होते. घरांचीं छपरें कोसळलेलीं होतीं. एके काळीं ओळीनें लावलेल्या माडांचें रान झालें होतें. घाण्याच्या गाढवांची वंशावळ मात्र दिएगो गार्सियाच्या पूर्वेकडील उजाड वाड्यांतून मोकळी हिंडत होती. लोक उतरले ते आधीं दफनभूमीकडे गेले. गवत काढलें, दगड पुसले, फुलें ठेवलीं. नांवें पुसट झालेलीं होतीं, तरी कोणाचें थडगें कोणतें हें वृद्धांना सांगतां आलें.

मुंबईहून १७८६ सालीं गेलेल्या तुकडीनें बेटाची लांबीरुंदी मोजली, तेथलें पाणी मोजलें, आणि येथें माणसाचा निभाव लागणार नाहीं असें मानून ती परतली. ज्यांना परतण्याची मुभा नव्हती, त्यांनीं तेथेंच विहिरी राखल्या, माड वाढविले, मुलांना भाषा दिली आणि मृतांना माती दिली. बेटावर रहिवासी होते काय, या प्रश्नाचें उत्तर त्या थडग्यांपाशीं गुडघे टेकून बसलेल्या माणसांनीं आपल्या आजोबा-पणजोबांचीं नांवें घेऊन दिलेलें आहे.